टपालाने आलेली विद्या

विद्या गुरुमुखातून घ्यावी, पोथीतून उचललेली विद्या अपुरी राहते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. एकलव्याची कथा ह्या समजाला छेद देणारी म्हणून सांगितली जाते. परंतु त्या कथेतही मातीच्या मूर्तीपुढे बसून विद्या साध्य करणाऱ्याला शेवटी अंगठा द्यावाच लागतो. दुरून शिकणाऱ्याकडे समाज संशयाने पाहतो, आणि तो संशय सर्वस्वी निराधार असतो असेही नाही. शस्त्रक्रिया कोणी पत्राने शिकू नये, हे सर्वांस मान्य होईल. मग मनाचे शास्त्र कोणी पत्राने शिकावे काय?

हा प्रश्न आता नुसता चर्चेपुरता राहिलेला नाही. आरोग्याशी संलग्न असलेल्या व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने एक कायदा केला. त्या कायद्याच्या कक्षेत येणारे विषय दूरशिक्षणाने शिकवू नयेत, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली जाहीर केला आणि त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून नवे प्रवेश थांबवण्यास सांगितले. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र ह्यांच्या पंक्तीत मानसशास्त्रही बसले. ज्या दाराने हजारो नोकरदार, गृहिणी आणि लहान गावांतले पदवीधर मानसशास्त्रापर्यंत पोहोचत होते, ते दार ह्या निर्णयाने लोटले गेले.

आम्ही राहतो पानिपतात आणि कारकुनी करतो दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका कचेरीत. मधले अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळच्या गाडीने दिल्लीस जाणाऱ्या आणि दिवेलागणीनंतर परतणाऱ्या आमच्यासारख्यांना महाविद्यालयाचा वर्ग म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातली गोष्ट. घरपोच येणाऱ्या पुस्तिका, रविवारी भरणारे अभ्यासकेंद्र आणि वर्षातून दोनदा परीक्षा, एवढ्याच सामग्रीवर आम्ही मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि त्या ओघात फ्रॉइडपर्यंत आलो. मराठीत परीक्षेत आपटी खाणाऱ्याचे ‘पानिपत झाले’ म्हणतात. प्रत्यक्ष पानिपतात राहून परीक्षा देणाऱ्याला हा वाक्प्रचार जरा अधिकच बोचतो. परंतु ह्या लेखाचा विषय आमची परीक्षा नव्हे. मनोविश्लेषण हे दोन माणसांनी एका खोलीत बसून करावयाचे शास्त्र मानले जाते. त्याचा इतिहास पाहता टपालाचे त्याच्याशी असलेले नाते फार निकटचे दिसते, ते येथे सांगावयाचे आहे.

आरंभ व्हिएन्नापासूनच केला पाहिजे. फ्रॉइडचा बर्लिनमधील एक स्नेही होता, विल्हेल्म फ्लीस नावाचा. तो नाक-कान-घशाचा वैद्य होता. १८८७ पासून पुढे पंधराएक वर्षे फ्रॉइड त्याला पत्रे लिहीत होता. १८९६ च्या ऑक्टोबरात फ्रॉइडचे वडील वारले. त्यानंतर १८९७ साली त्याने स्वतःच्याच मनाची चिकित्सा आरंभली. स्वतःची स्वप्ने, बालपणीच्या आठवणी, वडिलांविषयीचा राग आणि आईविषयीची ओढ ह्यांचा उलगडा तो करीत गेला आणि जे हाती लागे ते बर्लिनला कळवीत गेला. पुढे ईडिपसच्या नावाने जगभर गाजलेली कल्पना प्रथम कागदावर उतरली ती ह्याच पत्रव्यवहारात. १८९९ च्या अखेरीस स्वप्नमीमांसेचा ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्यातला बराच ऐवज टपालातून जाऊन आलेला होता. ही पत्रे नष्ट व्हावीत अशी फ्रॉइडची इच्छा होती. मारी बोनापार्त ह्या त्याच्या शिष्येने ती विकत घेऊन जपली आणि १९५० साली त्यांतली निवडक पत्रे प्रसिद्ध झाली.

रोग्यांच्या बाबतीतही असेच दिसते. घोड्यांना भिणाऱ्या पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केली. ‘छोटा हान्स’ म्हणून तो मुलगा ओळखला जातो. त्याच्यावर उपचार केला तो त्याच्या वडिलांनी; मुलाचे बोलणे ते टिपून ठेवीत आणि फ्रॉइडला कळवीत. उपचाराच्या काळात फ्रॉइडने त्या मुलाची भेट घेतली ती एकदाच. १९११ साली त्याने न्यायाधीश श्रेबर ह्यांच्या वेडाचे विवेचन केले, तेव्हा तर श्रेबरांना त्याने डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. त्यांनी १९०३ साली छापलेले आत्मवृत्त एवढाच त्याचा आधार होता. ग्रंथ वाचून माणसाच्या मनाविषयी काही जाणता येते, हे ह्या शास्त्राच्या जनकाने स्वतःच गृहीत धरलेले होते.

भारतात हे शास्त्र आले ते तर निखालस टपालानेच. गिरींद्रशेखर बोस हे कलकत्त्याचे डॉक्टर. १९१० साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले. संमोहनाची आवड त्यांना आधीपासून होती. रोग्यांची मने त्यांना रोगांइतकीच कुतूहलाची वाटत. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे वैद्यकी सांभाळून त्यांनी १९१७ साली त्या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. फ्रॉइडचे लेखन आरंभी त्यांना तुटक तुटकच वाचावयास मिळाले. पुष्कळशा कल्पना त्यांनी आपल्या रोग्यांवरून स्वतंत्रपणे बांधल्या होत्या, आणि नंतर त्या व्हिएन्नात आधीच मांडल्या गेल्याचे त्यांना आढळले. अशा वेळी कोणी हिरमुसला असता. बोसांनी आपला प्रबंध व्हिएन्नाला पाठवून दिला.

फ्रॉइडचे उत्तर १९२१ च्या मे महिन्यात लिहिले गेले. प्रबंधातील मुख्य विचार बरोबर असल्याचे त्याने मान्य केले आणि इतक्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राविषयी एवढी आस्था निर्माण झाली ह्याचे आश्चर्य व्यक्त केले. तेथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत टिकला. दोघांची भेट कधीही झाली नाही. पुढल्या वर्षी, म्हणजे १९२२ साली, कलकत्त्यात पारसीबागान गल्लीतील बोसांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. संस्थापक सभासद पंधरा. त्यांत बरेचसे महाविद्यालयांतले मानसशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे अध्यापक, काही वैद्यकातले, दोन इंग्रज. आंतरराष्ट्रीय संघाने तिला त्याच वर्षी मान्यता दिली.

ह्या पत्रव्यवहारातली एक गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. बोसांचे मित्र यतींद्रकुमार सेन हे चित्रकार होते. फ्रॉइडचे छायाचित्र पाहिलेले नसताना, केवळ त्याच्या लेखनावरून हा माणूस दिसत असेल कसा, अशी कल्पना करून त्यांनी त्याचे चित्र रेखाटले आणि ते व्हिएन्नाला रवाना झाले. चित्र सुंदर आहे, मूळ माणसापेक्षा फारच सुंदर आहे, अशा आशयाचे मिस्किल उत्तर फ्रॉइडने पाठवले. आपली वांशिक ठेवण चित्रकाराच्या लक्षात आलेली नाही, असेही त्याने सुचवले. दुरून शिकणाऱ्याच्या मनात गुरूची जी प्रतिमा तयार होते तिचे गुणदोष ह्या एका प्रसंगात आले आहेत. ती प्रतिमा आदराने काढलेली असते, पण नाक-डोळे आपल्या पदरचे असतात.

तथापि बोस नुसते भक्त राहिले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिच्या विरुद्ध इच्छा वास करते आणि मनाचे पुष्कळसे दुखणे ह्या जोडीतून उद्भवते, असा स्वतःचा सिद्धान्त त्यांनी मांडला. १९२९ साली आपले निबंध त्यांनी फ्रॉइडला पाठवले. युरोपीय आणि भारतीय रोग्यांत जो फरक दिसला तोही निःसंकोचपणे कळवला. फ्रॉइडला तो सिद्धान्त पुरता पटला नाही. बोसांनीही तो सोडला नाही. १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून पाठवली आणि ती त्याने आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. गुरूला मूर्ती पाठवावी आणि मत मात्र आपले ठेवावे, हा शिष्यपणा आम्हांस एकलव्याच्या शिष्यपणाहून अधिक निरोगी वाटतो.

परंतु एवढ्यावरून मनोविश्लेषण पत्राने शिकता येते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बोसांचे विश्लेषण करणारा कोणी भारतात नव्हता, म्हणून त्यांना ते स्वतःच स्वतःचे करावे लागले. आरंभीच्या पिढीला दुसरा उपाय नव्हता. बर्लिनमध्ये १९२० साली निघालेल्या संस्थेने शिक्षणाचे तीन भाग ठरवले. उमेदवाराने स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, सिद्धान्ताचा अभ्यास करावा आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रोगी हाताळावेत. १९२५ साली बाड होम्बुर्ग येथील परिषदेत हीच रीत सर्वत्र लागू करण्याचे ठरले. ह्या तिहींपैकी मधला भाग पुस्तकाने साधतो; पहिल्या आणि तिसऱ्या भागाला समोर माणूसच लागतो. रोग्याच्या मनातला जुना राग किंवा जुनी माया उपचार करणाऱ्यावर येऊन आदळते, ती ओळखणे आणि सोसणे हे पुस्तिकेच्या पानांवरून येत नाही.

ह्या भेदाविषयी फ्रॉइडचे मन स्वच्छ होते. विद्यापीठात मनोविश्लेषण शिकवावे काय, ह्या प्रश्नावर त्याने एक छोटा निबंध लिहिला आणि तो १९१९ साली हंगेरियन भाषेत प्रसिद्ध झाला. विश्लेषकाला विद्यापीठाची गरज नाही, त्याची सोय अन्यत्र होऊ शकते. मात्र विद्यापीठाला ह्या शास्त्रापासून लाभ आहे, असे त्याचे म्हणणे. वर्गात बसून विद्यार्थी विश्लेषक होणार नाही. परंतु ह्या शास्त्राविषयी आणि ह्या शास्त्रापासून तो काहीतरी शिकेल, आणि तेवढे पुरे. त्याच वर्षी बुडापेस्टच्या विद्यापीठात शांडोर फेरेन्झी ह्यांची ह्या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पण राज्यक्रांतीबरोबर आलेली ती नेमणूक राज्यक्रांतीबरोबरच काही महिन्यांत गेली. पुढे १९२६ साली थिओडोर राइक ह्या वैद्यक न शिकलेल्या शिष्यावर बेकायदा वैद्यकीचा आरोप आला, तेव्हा फ्रॉइडने त्याच्या बाजूने एक पुस्तकच लिहिले. कोणी उपचार करावा, हा वाद आजचा नव्हे. त्या वादात सिद्धान्ताच्या वाचनावर बंदी घालावी असे मात्र कोणी म्हटले नव्हते.

आपल्या देशात दुरून शिकवण्याची रीत रुजली तीही ह्याच समजुतीवर. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाची शाळा उघडली. पहिल्या वर्षी तिच्यात १११२ विद्यार्थी होते. कुरुक्षेत्र विद्यापीठाने १९७६ साली अशीच सोय केली आणि तिचा लाभ पानिपतसारख्या गावांना झाला. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ जन्मास आले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. ह्या सर्व खटाटोपामागे विचार एकच होता, की ज्याला विद्येपर्यंत जाता येत नाही त्याच्या घरापर्यंत विद्येने जावे.

आता कोणी विचारील, की उपचार करावयाचे नसतील तर पानिपतातल्या कारकुनाला फ्रॉइड हवा कशाला? ह्याचे उत्तर आम्हांस पानिपतातच सापडते.

१४ जानेवारी १७६१ च्या लढाईची वार्ता दक्षिणेत पोहोचली तीही पत्रानेच. एका सावकारी पत्रात मोती गळाल्याचे आणि मोहरा हरवल्याचे लिहून सरदारांच्या मृत्यूची बातमी कळवली होती, आणि रुपये व खुर्दा ह्यांची गणतीच नसल्याचे म्हटले होते, हे मराठी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आम्ही ते पत्र पूर्वी केवळ गुप्तलिपी म्हणून वाचीत होतो. फ्रॉइड वाचल्यावर ध्यानात येते, की शब्द बदलल्याने मृत्यू टळत नाही, पण तो क्षणभर नाण्यांचा हिशेब होऊन समोर येतो. असह्य ते सह्य वेषात येते. नानासाहेब पेशव्यांना तो वेषही पुरला नाही. त्याच वर्षी २३ जून रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

भाऊसाहेबांच्या देहाची ओळख खुणांवरून पटवावी लागली होती, आणि दूर पुण्यात बसलेल्यांनी तो देह पाहिलेला नव्हता. पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत. काही वर्षांतच आपण भाऊसाहेब आहोत असे सांगणारा एक माणूस उभा राहिला. तो कनोजी ब्राह्मण होता. त्याला पकडून किल्ल्यावर अडकवण्यात आले. तरीही १७७६ साली, लढाईनंतर पंधरा वर्षांनी, रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला सोडले तेव्हा कोकणातला मोठा मुलूख आणि कित्येक किल्ले त्याच्या मागे गेले. पेशव्यांच्या फौजांनी त्याचा मोड केला, आंगऱ्यांच्या हाती तो सापडला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी ह्या प्रकरणावर १९१३ साली नाटक लिहिले.

इतके लोक फसले कसे, असा प्रश्न इतिहासकार विचारतो. मनोविश्लेषणाचा विद्यार्थी तोच प्रश्न थोडा निराळा करून विचारतो, की इतक्यांना फसावेसे का वाटले? फ्रॉइडने १९१७ साली शोक आणि विषाद ह्यांवर निबंध लिहिला. शोक म्हणजे एक प्रकारचे श्रम होत, असे तो मानतो. गेलेला माणूस गेला हे वास्तव एकेका आठवणीपाशी मनाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि मन ते सहजी ऐकत नाही. १९२७ च्या एका निबंधात त्याने दोन तरुणांचे उदाहरण दिले आहे. लहानपणी वडील वारल्याचे त्यांना ठाऊक होते आणि तरीही मनाच्या एका प्रवाहाने ते कधी मानलेच नव्हते. दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. तोतयाच्या मागे गेलेल्या कोकणाला भाऊसाहेब गेल्याचे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. ठाऊक होते आणि मान्य नव्हते. बोसांच्या भाषेत सांगावयाचे तर, भाऊ परत यावेत ही इच्छा आणि हा शोक एकदाचा संपावा ही तिच्या विरुद्ध इच्छा, दोन्ही एकाच घरात नांदत होत्या.

येथे सावधपणाही हवा. सुभेदाराचे राजकारण, बारभाईंच्या कारभारातली धामधूम, रघुनाथरावांचा पक्ष, ही कारणे खरी आहेत, आणि शोकाच्या सिद्धान्ताने ती पुसली जात नाहीत. खुद्द फ्रॉइडही दुरून वाचताना ठेचकाळला आहे. १९१० साली त्याने लिओनार्दो दा विंचीच्या बालपणीच्या एका आठवणीवर मोठा डोलारा उभारला. तिच्यातल्या पक्ष्याला जर्मन भाषांतराने गिधाड केले होते, मुळात ती घार होती. पुस्तिकांतून शिकणाऱ्याने हा प्रसंग कायम डोळ्यांपुढे ठेवावा. आमच्या पुस्तिकांतला ‘दमन’ हाच शब्द घ्या. मराठी कानाला तो इंद्रियदमनाजवळचा, जाणूनबुजून केलेला आणि काहीसा पुण्यप्रद वाटतो. शास्त्राला अभिप्रेत असलेली क्रिया मात्र माणसाच्या नकळत घडते. हा घोटाळा दूर करण्यास एक शिक्षक आणि एक रविवार पुरतो. पण तो शिक्षक असावा लागतो, आणि तो रविवार ठेवावा लागतो.

हे गावही एकट्या मराठ्यांच्या शोकाचे नाही. कवी हाली येथला. १९१४ साली तो वारला. १९४७ साली येथले मुसलमान घरे सोडून पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे त्या घरांत येऊन राहिली. हातमागाच्या धंद्यात त्यांनी गाव पुन्हा उभे केले. त्या घरांतल्या आजच्या मुलींना आणि सुनांना, आपल्या आजी अमुक दिवशी गप्प का होत असत, हे समजून घ्यावेसे वाटले, तर त्यांनी त्यासाठी उपचारकाचा परवाना मागितलेला नसतो. त्यांना वाचावयाचे असते, आणि वाचलेले बरोबर कळले की नाही हे कोणी तपासावे एवढीच त्यांची अपेक्षा असते.

आयोगाच्या निर्णयामागील काळजी आम्ही हलकी लेखीत नाही. पुस्तिका वाचून आणि परीक्षा देऊन कोणी दुखावलेल्या माणसांवर उपचार करू लागला, तर त्याला अडवलेच पाहिजे; १९२५ च्या परिषदेनेही तेच सांगितले होते. परंतु त्यासाठी उपचाराचा परवाना कडक करावा, प्रत्यक्ष शिक्षणाची आणि देखरेखीची अट घालावी. सिद्धान्ताचा, इतिहासाचा आणि वाचनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम, ज्याच्या पदवीवर उपचाराचा अधिकार नाही असे स्पष्ट छापलेले असेल, तो दूरशिक्षणात ठेवण्यास कोणाची हरकत असावी असे आम्हांस दिसत नाही. मागणी फार मोठी नाही. फ्रॉइडने १९१९ साली विद्यापीठांकडून जेवढे अपेक्षिले होते तेवढीच ती आहे, आणि पारसीबागान गल्लीतल्या एका डॉक्टरने टपालखर्च सोसून जे मिळवले, ते पानिपतच्या गाडीत बसणाऱ्यालाही मिळत राहावे, एवढाच तिचा अर्थ आहे.